कारखान्याचं घर होऊ द्या, पण तपासून

नारपोलीत भाड्याने खोली शोधायला निघालं की मालक बऱ्याचदा एखाद्या बंद कारखान्यात घेऊन जातो. भिवंडीत कारखाना म्हणजे यंत्रमागांची शेड. विटांच्या भिंती, वर लोखंडी कैच्या, त्यांच्यावर सिमेंटचे पत्रे, पुढे मोठं शटर. माग भंगारात गेले की मधून बोळ काढायचा, दोन्ही बाजूंना प्लायवूडच्या आडभिंती मारायच्या आणि दहा बाय दहाच्या खोल्या पाडायच्या. भरदुपारीही बोळात दिवा लागतो. टोकाला सगळ्यांमध्ये मिळून एखाद-दोन संडास. अशा खोल्यांत माणसं पोराबाळांसह राहतात, डबे भरतात, अभ्यास करतात, आजारी पडतात. कागदोपत्री मात्र ती जागा बहुतेक वेळा अजून कारखानाच असते.

मी स्वतः कारखान्यात राहते. माझ्या सासऱ्यांची बारा मागांची शेड होती, तिचं आम्ही घर केलं. स्थापत्याची पदविका घेऊन मी अनेक वर्षं बांधकामांवर देखरेखीचं काम केलं आहे. घराचे नकाशे मीच काढले, कामही उभं राहून करून घेतलं. म्हणून हा विषय मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे, राहणारीच्या आणि बांधणारीच्या. माझं म्हणणं सरळ आहे. बंद पडलेल्या कारखान्यांची घरं व्हायलाच हवीत. पण इमारतीचं काम बदललं की त्या इमारतीची नव्याने परीक्षा झाली पाहिजे, आणि ही परीक्षा देणं सामान्य माणसाला सोपं, स्वस्त आणि कायदेशीर असलं पाहिजे. आज ती सक्तीचीही नाही आणि सोपीही नाही. त्यामुळे जे व्हायचं ते शटर खाली ओढून, रातोरात होतं.

एका कामासाठी बांधलेली वास्तू दुसऱ्या कामाला लावणं ही काही आजची अडचण नाही. आपल्याच मुंबईत याचं एक मोठं उदाहरण उभं आहे. परळच्या हाफकिन संस्थेची जुनी इमारत बऱ्याच जणांनी बाहेरून पाहिली असेल. तिच्या जागी पोर्तुगीज काळात जेसुइट पाद्र्यांचं चर्च आणि मठ होता. १७२० च्या सुमारास इंग्रजांनी तो ताब्यात घेतला आणि त्याचा मुंबईच्या गव्हर्नरसाठी बंगला केला. पुढे शंभरहून अधिक वर्षं तिथे गव्हर्नरांची कुटुंबं राहिली. जिथे प्रार्थना होत असे तिथे भोजनाचं दालन आलं, आणि त्याच्यावर नृत्याचं. १८२५ मध्ये मुंबईला आलेल्या बिशप हेबर यांनी एकावर एक असलेल्या या दोन लांबलचक दालनांची नोंद करून ठेवली आहे. खालचं दालन म्हणजे जेसुइटांचं जुनं चर्च असल्याचं त्यांना सांगण्यात आलं होतं.

चर्चचं घर झालं, पण गोष्ट तिथे संपली नाही. १८८० च्या दशकात गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचा याच बंगल्यात कॉलऱ्याने मृत्यू झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते हेच फर्ग्युसन. त्यानंतर गव्हर्नरांचं बिऱ्हाड मलबार पॉइंटला हललं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा रिकाम्या बंगल्यात रुग्णालय उघडलं. १८९९ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा तिथे आली. प्लेगची लस त्यांनी दोन वर्षांपूर्वीच, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये, तयार केली होती. परळला ती मोठ्या प्रमाणावर बनू लागली. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं. चर्च, घर, रुग्णालय, प्रयोगशाळा असा त्या वास्तूचा प्रवास आहे, आणि ती अजून वापरात आहे.

या इतिहासातून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे जाड भिंतींची, प्रशस्त, नीट बांधलेली वास्तू पाडून टाकण्यापेक्षा तिला नवं काम देणं शहाणपणाचं असतं. दुसरी गोष्ट त्या कॉलऱ्याच्या मृत्यूत आहे. उंच छत आहे, भक्कम भिंती आहेत, नोकरचाकर आहेत, एवढ्याने घर होत नाही. कॉलरा पाण्यातून येतो. गव्हर्नरच्या बायकोला जे संरक्षण त्या बंगल्यात मिळालं नाही, ते नारपोलीच्या बोळातल्या बाईला आपोआप मिळेल असं समजणं चुकीचं आहे. पिण्याचं पाणी, सांडपाणी, हवा आणि उजेड यांची वेगळी व्यवस्था केल्याशिवाय कुठलीही रिकामी इमारत घर होत नाही.

युरोपात आज हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर आहे. प्रार्थनेला येणारी माणसं कमी झाली, चर्चं ओस पडली, आणि त्यांची घरं, पुस्तकांची दुकानं, ग्रंथालयं होऊ लागली. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात सेंट याकोबस नावाचं एकोणिसाव्या शतकातलं चर्च आज राहतं घर आहे. त्याच देशात मास्ट्रिख्तला तेराव्या शतकातलं डॉमिनिकन चर्च २००६ पासून पुस्तकांचं दुकान आहे. हे काम बांधकाम करणाऱ्या प्रत्येकाने बघण्यासारखं आहे. हजारो पुस्तकं ठेवायला तिथे पोलादाचं दोन मजली कपाट उभारलं, पण ते जुन्या भिंतींना टेकवलं नाही. ते स्वतःच्या पायांवर उभं आहे. जुन्या दगडावर नवा भार नाही, आणि उद्या दुकान हलवायचं ठरलं तर चर्चला धक्का न लावता सगळं उचलून नेता येईल.

इंग्लंडमध्ये चर्च बंद करायचं तर त्याची ठरलेली प्रक्रिया आहे. १९६८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि पुढे तो सुधारत गेला. आधी चर्च नियमित प्रार्थनेसाठी बंद झाल्याचं रीतसर जाहीर होतं, मग त्याला योग्य नवा वापर शोधला जातो, लोकांचं म्हणणं ऐकलं जातं. विक्रीच्या दस्तात अटी घातल्या जातात. आवारात थडगी असतील तर त्यांना हात लावायचा नाही, अशा प्रकारच्या. कॅथलिक चर्चच्या नियमांतही वापरात नसलेलं चर्च सामान्य कामासाठी द्यायची मुभा बिशपला आहे, पण ते काम अशोभनीय असता कामा नये. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे वास्तूला निवृत्त करण्याचा एक क्षण आहे. कोणीतरी जबाबदार माणूस सही करून सांगतो की या इमारतीचं जुनं काम संपलं, आता तिचं नवं काम हे.

आपल्याकडे कारखान्याला असा क्षण नसतो. भंगारवाला येतो, माग वजनावर तोलून नेतो आणि दुसऱ्या दिवशी प्लायवूडचा टेम्पो येतो.

ही वेळ का आली तेही सांगायला हवं. नारपोली मुळात आगरी-कोळ्यांचं गाव. भिवंडीत माग वाढत गेले तसे गावातल्या घरांनीच आधी आपलं काम बदललं. कुणी ओटी दिली, कुणी गोठा, कुणी तळमजला. घराच्या खाली माग आणि वर बिऱ्हाड, असं कित्येक कुटुंबांचं जगणं होतं. भाताच्या खाचरांवर शेडा उभ्या राहिल्या. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून कारागीर आले. एकेक जण एकाच वेळी चार-चार, सहा-सहा माग चालवी, भिशीत, म्हणजे सामाईक खानावळीत, जेवी आणि पाळी संपली की दुसरा उठेल त्या जागेवर झोपे. मागांच्या आवाजात कानाशी तोंड नेऊन बोलावं लागे. आमच्या बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, शेवटी उजव्या कानाने ऐकूच येत नसे.

मग धंद्याला एकामागून एक फटके बसले. सुताचे चढउतार आणि विजेची बिलं तर होतीच. २०१६ च्या अखेरीस नोटाबंदी आली. रोखीवर चालणाऱ्या या धंद्यात कारागिरांचा पगार अडकला आणि माणसं गावाला गेली. २०१७ मध्ये जीएसटी आला, २०२० मध्ये टाळेबंदी. जुने साधे माग आधुनिक शटललेस मागांपुढे टिकेनात. त्याच काळात नाशिक महामार्गाच्या बाजूने, माणकोली, वळ, राहनाळ, काल्हेर या पट्ट्यात गोदामांची रांग उभी राहिली आणि तिथे काम करणाऱ्यांना राहायला जागा हवी झाली. एकीकडे रिकाम्या शेडा, दुसरीकडे बेघर कामगार. त्यामुळे कारखान्यांची घरं होणं अटळ होतं, आणि त्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते त्याची पद्धत.

भाराचा विचार सर्वांत आधी हवा, कारण भाराची चूक जीव घेते. भारतीय मानकांप्रमाणे राहत्या घराच्या स्लॅबवर दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो चालता-बोलता भार धरून आराखडा करतात. माणसं, पलंग, कपाट, भांडी यांचा हा हिशेब. मालसाठ्याची जागा असेल तर तोच आकडा कमीत कमी साडेसातशे किलो धरावा लागतो, आणि थप्पी जितकी उंच तितका तो वाढतो. म्हणजे घरासाठी बांधलेल्या मजल्यात कुणी गोदाम थाटलं तर तो मजला ज्या भारासाठी बनलाच नाही असा तिप्पट-चौपट भार रोज पेलत असतो. मागाचा प्रकार आणखी वेगळा. त्याचं वजन तर असतंच, शिवाय धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो तेव्हा प्रत्येक फेकीला धक्का बसतो. मिनिटाला शंभराहून जास्त धक्के, दिवसाच्या दोन पाळ्या, वर्षानुवर्षं. माग थांबले तरी त्यांनी भिंतीच्या जोडांत पाडलेल्या भेगा बुजत नाहीत.

आता अशा भिंतींवर वरचा मजला चढवला तर काय होईल, हे सांगायला पदविकाही लागत नाही. शेडची भिंत पत्र्याचं हलकं छत पेलण्यापुरती बांधलेली असते. तिच्यावर स्लॅब टाकायचा, स्लॅबवर खोल्या, खोल्यांवर पाण्याच्या टाक्या, असं करत गेलं की पायाला एक दिवस ते झेपत नाही. आणि तो दिवस आधी कळवून येत नाही.

नारपोलीकरांना याची आठवण करून द्यायला नको. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत पडली. ती १९८४ मध्ये बांधलेली होती. चाळीसच्या आसपास माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. टाळेबंदीचे दिवस, माणसं गाढ झोपेत. पुढे २९ एप्रिल २०२३ रोजी वळपाड्याच्या वर्धमान कंपाउंडमधली इमारत कोसळली. खाली गोदाम आणि वर राहती कुटुंबं अशी तिची रचना होती. आठ जण मेले. या दोन्ही दुर्घटनांमागची कारणं ठरवणं तपास यंत्रणांचं आणि न्यायालयांचं काम आहे, मी ते इथे करणार नाही. पण एवढं म्हणण्याचा हक्क इथल्या प्रत्येक रहिवाशाला आहे, की आपल्या डोक्यावर आणि पायाखाली काय चाललंय ते आपल्याला माहीत असलं पाहिजे.

कायदा काय सांगतो? महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी अर्हताप्राप्त अभियंत्याकडून करून घेण्याची तरतूद आहे. ती चांगलीच आहे. पण तिचा आधार वय आहे. भिवंडीत इमारतीचा धोका नुसता वयाने वाढत नाही, तो काम बदलण्याने वाढतो. बारा वर्षांच्या शेडवर दोन मजले चढवले तर तिची तीस वर्षं भरण्याची वाट कशासाठी पाहायची? तपासणीची घंटा वापर बदलण्याच्या दिवशी वाजली पाहिजे.

भारानंतर हवा आणि उजेड. शेड अरुंद आणि खोल असते, दोन्ही बाजूंना शेजाऱ्याच्या भिंती चिकटलेल्या. त्यामुळे खिडक्या पुढे आणि मागे एवढ्याच. मागांना ते चालत होतं, कारण कारागीर ट्यूबलाइटखाली काम करत असे आणि सुताला हवेचा झोत नकोच असायचा. घराला ते चालत नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे आपल्यासारख्या दमट-उष्ण हवेत खोलीच्या जमिनीच्या किमान एक षष्ठांश एवढं खिडक्या-झरोक्यांचं क्षेत्र हवं. दहा बाय दहाच्या खोलीला सोळा-सतरा चौरस फूट. बोळातल्या खोलीला एक इंचही नसतं. तिथे स्वयंपाकाचा धूर, ओले कपडे आणि माणसांचे श्वास एकाच कोंडीत राहतात. भिवंडीत क्षयरोग आधीच घराघरांत ठाऊक असलेला आजार आहे, आणि तो नेमका अशाच कोंडलेल्या जागांत पसरतो.

आमच्या शेडमध्ये आम्ही मधल्या दोन कैच्यांमधलं छत काढून टाकलं आणि तिथे चौक केला. जुन्या कोकणी घरांना असतो तसा, वर उघडा, खाली पाणी वाहून जायला उतार दिलेला. सगळ्या खोल्यांची दारं-खिडक्या त्या चौकाकडे उघडतात. जागा कमी झाली म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली. पण त्या एका निर्णयाने मधली प्रत्येक खोली बोळातली न राहता बाहेरची झाली. मे महिन्यात पत्र्याखाली जो वणवा पेटतो तोही बराच निवळला, कारण गरम हवेला वर जायला वाट मिळाली.

आतल्या भिंतींसाठी आम्ही हलके ब्लॉक वापरले. त्यांच्याखाली वेगळा पाया घेतला आणि जुन्या भिंतींशी त्यांची सांधणी केलीच नाही. मधे बोटभर फट ठेवून ती लवचिक साहित्याने भरली. वरचा मजला करायचा नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. बाबांना ते पटायला वेळ लागला. त्यांनी विचारलं, "पोरं मोठी होतील, मग?" मी त्यांना कैचीखालची भेग दाखवली. ते काही वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "सहा नंबरचा माग हिथंच होता." त्यानंतर मजल्याचा विषय घरात निघाला नाही.

जमिनीची गोष्ट कोणी सांगत नाही. मागांना वर्षानुवर्षं तेल पाजलेलं असतं. ते कोब्यात मुरतं आणि खालच्या मातीतही जातं. वरून नुसती टाइल बसवली तर पहिल्या पावसाळ्यातच तिचे कोपरे उचलतात आणि उन्हाळ्यात तेलाचा वास येतो. आम्ही कोबा पूर्ण फोडला, मागांचे जमिनीत गाडलेले बोल्ट कापून काढले, तेलकट माती उपसली, नवा भराव दाबून त्यावर ओल अडवणारा थर दिला. कैच्यांवर साठलेली रुईची काळी पुटं खरवडून काढायला लागली. रुई कोरडी असताना एका ठिणगीने पेटते. विजेच्या जुन्या तारा एकूण एक बदलल्या. मागांसाठी ओढलेल्या वायरिंगवर घराचे पंखे आणि फ्रीज लावणं म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

आणि पत्रे. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो. पत्रा अखंड असेपर्यंत धोका कमी. तो कापला, भोसकला, फोडला की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. ॲस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांनी कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. तो आजार उमटायला दहा-वीस नव्हे, तीस-चाळीस वर्षंही लागू शकतात, म्हणून पत्रा फोडणाऱ्या मजुराला आज काहीच जाणवत नाही. आमच्याकडे पत्रे पाणी मारून ओले केले, बोल्ट सोडून अखंड खाली उतरवले. नारपोलीत मात्र मी रोज पाहते, पत्रे हातोड्याने फोडतात आणि तुकडे रस्त्याच्या खड्ड्यात किंवा जोत्याच्या भरावात टाकतात. त्यावर मुलं खेळतात. हे थांबवायला फार पैसे लागत नाहीत. लागते ती माहिती, आणि असे पत्रे नेऊन टाकायची एक ठरलेली जागा.

एवढं सगळं केल्यावर कागदाचा प्रश्न आला. जागेचा वापर बदलायचा तर कुठल्या टेबलावर जायचं, कोणते नकाशे लागतील, औद्योगिक मीटरचं घरगुती मीटर कसं होईल, याचं एकत्रित उत्तर मला कुठेच मिळालं नाही. प्रत्येक ठिकाणी पुढच्या ठिकाणाचा पत्ता मिळत गेला. मला नकाशा वाचता येतो, अर्ज लिहिता येतो, आणि घरात कमावती माणसं आहेत, म्हणून आम्ही टिकलो. ज्याची शेड हेच एकमेव उत्पन्नाचं साधन आहे, तो मालक हे करणार नाही. तो शटर ओढून घेईल आणि प्लायवूड मागवेल. प्रामाणिक मार्ग जिथे सगळ्यात लांबचा असतो तिथे लोक आडवाटेने जातात, हा माणसाचा स्वभाव आहे. प्रशासनाने तो लक्षात घेऊनच व्यवस्था आखायला हवी.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो गंभीर आहे. नियम लावले तर खोल्या कमी होतील, भाडी वाढतील आणि दिवसाला कमावून रात्री खाणारा माणूस रस्त्यावर येईल. मी हा आक्षेप हलका मानत नाही. म्हणूनच मी सरसकट नोटिसा आणि तोडकामाची मागणी करत नाही. पहाटे पोलीस घेऊन येऊन खोल्या रिकाम्या केल्या तर ती कुटुंबं जवळच्याच दुसऱ्या, आणखी धोकादायक शेडमध्ये जातील. पण गरिबाला स्वस्त खोली हवी म्हणून त्याच्या मुलाने खिडकीशिवाय वाढावं आणि भेगाळलेल्या स्लॅबखाली झोपावं, हा युक्तिवाद मला मान्य नाही. स्वस्ताईचा भार त्याच्या शरीरावर टाकण्याऐवजी तो थोडा मालकाने, थोडा महापालिकेने आणि थोडा राज्य सरकारने उचलावा. ज्या मालकांनी या कारागिरांच्या श्रमावर दोन पिढ्या खाल्ल्या, त्यांच्यात आमचं कुटुंबही येतं. आम्ही हे देणं लागतो.

काय करता येईल, ते मी मुद्देसूद मांडते. भिवंडी-निजामपूर महापालिकेने वापरबदलासाठी एकच खिडकी उघडावी, आणि तिथे बांधकाम, पाणी, मलनि:सारण, अग्निशमन आणि वीज यांचं काम एकाच अर्जावर व्हावं. भिवंडीतल्या शेडांची मापं ठरावीक साच्यातली आहेत. अशा मापांसाठी चौक, संडास, सांडपाण्याची वाट दाखवणारे तयार नकाशे महापालिकेने छापून द्यावेत, म्हणजे प्रत्येकाला वास्तुविशारद लावावा लागणार नाही. जो मालक स्वतःहून पुढे येईल, वरचा मजला न चढवता ठरलेल्या संख्येत खोल्या करेल आणि खिडक्या-संडास देईल, त्याला जुना दंड माफ करावा आणि काही वर्षं मालमत्ता करात सूट द्यावी. संरचनेची तपासणी वापर बदलताना सक्तीची करावी. लहान शेडसाठी तिचा खर्च महापालिकेने अनुदानातून द्यावा. अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतन महाविद्यालयांचे शिक्षक आणि विद्यार्थी यात मोठी मदत करू शकतात. राहत्या मजल्याखाली गोदाम ठेवायला मात्र कुठलीही सूट नको. तिथे ताबडतोब आणि ठाम कारवाई हवी.

तपासणीचा दाखला इमारतीच्या दारावर लावावा, दुकानाचा परवाना लावतात तसा. कोणत्या कामासाठी ही इमारत तपासली, किती मजल्यांसाठी, कोणत्या वर्षी, आणि तपासणाऱ्या अभियंत्याची सही. भाडेकरूला नकाशा वाचता येत नसेल, पण तो दाखला आहे की नाही हे त्याला दिसेल. खोली घेताना डिपॉझिट किती हे विचारतो तसं तो दाखला कुठाय हेही विचारेल. मागणी खालून आली की मालक हलतात, हे धंद्यात वाढलेल्या भिवंडीकराला समजावून सांगायला नको.

परळच्या वास्तूला तीन शतकांत चार वेगवेगळी कामं मिळाली, कारण प्रत्येक वेळी तिच्यामागे सत्ता, पैसा आणि अभियंते होते. नारपोलीच्या शेडमागे यांतलं काही नाही. तिच्यामागे एक थकलेला मालक आणि दारात उभं असलेलं एक भाडेकरू कुटुंब आहे. त्यांच्या मदतीला यायचं काम महापालिकेचं आहे, आणि त्यासाठी आणखी एक इमारत पडण्याची गरज नाही. पुढच्या पावसाळ्याआधी निदान एका प्रभागात, आणि तो नारपोलीचाच असावा, ही खिडकी सुरू करून दाखवा. आमच्या घराचे नकाशे, झालेल्या खर्चाचा हिशेब आणि कामातल्या अडचणींची यादी मी महापालिकेला द्यायला तयार आहे. ज्या शेडमालकाला आपल्या कारखान्याचं घर करायचं आहे, त्याने घरी येऊन ते बघावं. प्लायवूडचा टेम्पो मागवण्याआधी मात्र यावं.